आपला वॉर्ड कुठला? प्रोव्होतली सहा वर्षं

इंदूरहून अमेरिकेला नोकरीसाठी निघालेल्या आपल्या मुलांच्या तोंडी पूर्वी न्यू जर्सी, टेक्सस, कॅलिफोर्निया अशी नावं असायची. आता त्यांत युटाचीही भर पडली आहे. गेल्या दोन वर्षांत ओळखीच्या तीन घरांतून मला फोन आले. मुलगा किंवा सून विचारायची पगार, घरभाडं, शाळा. मग फोन आईच्या हाती जायचा आणि ती हळूच विचारायची, "ते मॉर्मन लोकांचं गाव ना गं? आपल्या माणसांचं तिथे निभतं का?"

आम्ही चौघं २०१८ च्या ऑगस्टमध्ये यांच्या नोकरीमुळे प्रोव्होला राहायला आलो. तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता, मुलगी पाच. फोनवर तुकड्यातुकड्यांनी जे सांगितलं, ते एकदा नीट लिहावं म्हणून हा लेख.

सॉल्ट लेक सिटीच्या विमानतळावर उतरलं की दक्षिणेला तासाभरात मोटारीने प्रोव्हो येतं. पूर्वेला वासॅच पर्वताची भिंत, पश्चिमेला युटा लेक नावाचा मोठा उथळ तलाव, आणि मधल्या पट्टीत गाव. वस्ती साधारण सव्वा लाखाच्या आत, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने तालुक्याचं गाव. गावच साडेचार हजार फुटांवर आहे आणि उत्तरेला उभा असलेला टिंपानोगस ११,७५२ फूट उंच. देवासच्या टेकडीवर जशी चामुंडा दुरून दिसते, तसं इथे डोंगराच्या उतारावर पांढऱ्या रंगातलं एक भलंमोठं इंग्रजी अक्षर दिसतं, 'वाय'. हे अक्षर विद्यापीठाचं. नवख्या माणसाला दिशा चुकली तर त्याच्याकडे बघावं. वाय दिसला की तिकडे पूर्व.

रस्त्यांना नावं कमी, आकडे जास्त. गावाच्या मध्यापासून किती उत्तरेला आणि किती पश्चिमेला, एवढ्यावर पत्ता होतो. '३०० उत्तर, ५०० पश्चिम' असा पत्ता पहिल्यांदा ऐकला की भूमितीचा पेपर आठवतो, पण आठवड्याभरात सवय होते आणि मग घर शोधायला कोणालाच विचारावं लागत नाही.

हे गाव समजायला थोडा इतिहास माहीत असलेला बरा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत जोसेफ स्मिथ यांनी एक नवा ख्रिस्ती पंथ स्थापन केला. त्याचं पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. लोक मॉर्मन म्हणतात, पण त्या मंडळींना पूर्ण नाव घेतलेलं आवडतं. शेजारपाजाऱ्यांशी मतभेद, मारामाऱ्या, हकालपट्ट्या असं बरंच झालं. १८४४ मध्ये इलिनॉयमध्ये जमावाने जोसेफ स्मिथ यांना तुरुंगात ठार मारलं. त्यानंतर ब्रिगहॅम यंग यांच्या मागे हे लोक बैलगाड्या घेऊन पश्चिमेला निघाले आणि १८४७ च्या २४ जुलैला ते सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले. तो दिवस युटात आजही मिरवणुका आणि फटाक्यांनी साजरा होतो. प्रोव्होची वसाहत १८४९ ची. ती जमीन तिथल्या मूळ रहिवाशांची, यूट लोकांची होती. वसाहतीनंतर वर्षभरातच त्यांच्याशी लढाई होऊन त्यांची अनेक माणसं मारली गेली. मिरवणुकीत हा भाग फारसा दिसत नाही, पण माहीत असावा.

विद्यापीठाची सुरुवात १८७५ ची. ब्रिगहॅम यंग विद्यापीठ चर्चच्या मालकीचं आहे. तिथे सुमारे ३५ हजार विद्यार्थी शिकतात आणि जवळजवळ सगळे त्या पंथाचे. प्रवेश घेताना आचारसंहितेवर सही करावी लागते. दारू, तंबाखू, चहा, कॉफी बंद, विवाहाबाहेर संबंध नाहीत, आणि मुलांनी दाढी वाढवायची नाही. परधर्मीय विद्यार्थ्यालाही हे नियम लागू. आमचे हे दाढीवाले. संध्याकाळी विद्यापीठाच्या आवारात फिरायला गेलो की दुरूनही ओळखू येतात!

घर शोधणाऱ्यांनी इथेच एक गोष्ट लक्षात ठेवावी. विद्यापीठालगतचे बरेच फ्लॅट फक्त विद्यार्थ्यांसाठी असतात आणि त्यांनाही हे नियम लागतात, मुलामुलींच्या इमारतीही वेगळ्या. स्वस्त भाडं बघून कुटुंबवाल्यांनी तिथे धावू नये. थोडं लांब किंवा शेजारच्या ओरेममध्ये बघावं.

आता तुम्ही म्हणाल, अशा सोवळ्यातल्या गावात कॉम्प्युटर कंपन्या कुठून आल्या? त्या बऱ्याच अंशी इथेच उगवल्या. आपल्यापैकी ज्यांनी नव्वदीच्या दशकात कॉम्प्युटरचे क्लास केले त्यांना वर्डपरफेक्ट आणि नॉव्हेल ही नावं आठवतील. वर्डपरफेक्ट हे याच विद्यापीठातले एक प्राध्यापक ॲलन ॲश्टन आणि त्यांचा विद्यार्थी ब्रूस बास्टियन यांनी १९७९ मध्ये ओरेमच्या नगरपालिकेसाठी लिहिलेल्या कार्यक्रमातून जन्मलं. नॉव्हेलही इथलीच. दोन्ही मावळल्या, पण शिकलेली माणसं खोऱ्यातच राहिली. ओरेमची ऑम्निचर २००९ मध्ये अडोबीने १८० कोटी डॉलरना घेतली आणि मग उत्तरेला लीहाय गावात मोठं कार्यालय बांधलं. २००२ मध्ये प्रोव्होत सुरू झालेली क्वालट्रिक्स आठशे कोटी डॉलरना घेत असल्याचं सॅपने २०१८ मध्ये जाहीर केलं. २०१३ मध्ये गूगलने गावात फायबरचं जाळं आणायचं ठरवलं तेव्हा नगरपालिकेने आपलं आधीचं जाळं त्यांना एका डॉलरला देऊन टाकलं. आता सॉल्ट लेकपासून प्रोव्होपर्यंतच्या पट्ट्याला सिलिकॉन स्लोप्स म्हणतात, म्हणजे डोंगरउतारावरची सिलिकॉन व्हॅली.

यामागे धर्माचाही हात आहे. पंथातली मुलं अठराव्या वर्षानंतर दोन वर्षं आणि मुली दीड वर्ष धर्मप्रसाराला जातात. जायचं कुठे हे चर्च ठरवतं. त्यासाठीचं मोठं प्रशिक्षण केंद्र प्रोव्होतच आहे आणि तिथे पन्नासहून जास्त भाषा शिकवतात. ब्राझीलमध्ये किंवा फिलिपिन्समध्ये दोन वर्षं दारोदार फिरून, शेकडो वेळा 'नको' ऐकून परत आलेला तेवीस वर्षांचा मुलगा परभाषेत बोलायला आणि अनोळखी माणसाला माल विकायला घाबरत नाही. कंपन्यांना अशी माणसं हवीच असतात. यांच्या टीममध्ये पोर्तुगीज, तागालोग आणि मँडरिन बोलणारे तिघे आहेत, आणि तिघेही युटाच्या खेड्यांत वाढलेले!

कामाचं वातावरण आपल्या घरच्यांना आवडेल असं. सोमवारी संध्याकाळ कुटुंबासाठी राखण्याची इथली जुनी प्रथा. रविवारी मेल आला तर तो बहुधा आपल्यासारख्यांचाच. मात्र ऑफिसमधल्या बऱ्याच ओळखी आधीच चर्चमध्ये झालेल्या असतात. संचालक आणि नवा पोरगा एकाच वस्तीत राहतात, एकत्र प्रार्थनेला बसतात. त्यात कोणी मुद्दाम आपल्याला वगळत नाही. पण जेवणाच्या टेबलावर अर्धी वाक्यं आपल्याला कळत नाहीत. अशा ठिकाणी काम चोख असावं आणि आपण होऊन चार माणसांना घरी बोलवावं, हाच मार्ग.

घरी बोलवायचं तर चहा कसा द्यायचा? त्यांच्यात १८३३ सालापासूनच्या आदेशाने चहा-कॉफी वर्ज्य. आपला अर्धा पाहुणचार चहावर उभा, म्हणून पहिल्या महिन्यापासून घरात लिंबाचं आणि कोकमाचं सरबत आणि हिवाळ्यात गरम मसाला दूध ठेवायला लागले. केशर-वेलचीचं दूध इथे भलतंच लोकप्रिय झालंय. स्वतः हे लोक थंड सोड्यावर जगतात. सोड्यात नारळाचं सरबत, साय, लिंबू घालून विकणारी दुकानं चौकाचौकात, आणि सकाळी तिथे आपल्या पोह्याच्या गाडीवर असते तशी गर्दी.

शाकाहारी घरांसाठी एक सूचना. युटाला जेलीचं फार वेड, २००१ मध्ये तर जेल-ओला राज्याचा अधिकृत खाऊ केलंय. तिच्यात जिलेटिन असतं आणि ते प्राण्यांपासून करतात. शाळेतल्या वाढदिवसांना मुलं हौसेने खातात, तेव्हा आधीच सांगून ठेवावं. बाकी स्वयंपाकाचं म्हणाल तर या उंचीवर पाणी लवकर, साधारण ९५ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. कुकर बॅगेत घालूनच निघा. हवा कोरडी, उन्हाळा कडक. सासूबाई इथे आल्या त्या जूनमध्ये त्यांनी मागच्या अंगणात कुरडया आणि साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डब्यात भरल्या. इंदूरलाही इतक्या खणखणीत वाळत नाहीत, असं त्यांचं मत. हिवाळ्यात मात्र खोऱ्यावर थंड हवेचं झाकण बसतं आणि धूर खालीच कोंडतो. दमेकऱ्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारी जपावं.

रविवारी गाव शांत. स्थानिक दुकानं बंद, सॉल्ट लेकची लोकल गाडीही त्या दिवशी धावत नाही. मोठी किराणा दुकानं उघडी असतात आणि दुपारपर्यंत रिकामी. आमची आठवड्याची खरेदी तेव्हाच होते.

आता त्या मूळ प्रश्नाकडे येते, 'निभतं का?'

इथला सगळा व्यवहार 'वॉर्ड'वर चालतो. हा नगरपालिकेचा वॉर्ड नव्हे. काही गल्ल्या मिळून चर्चचा एक वॉर्ड होतो. त्याचा प्रमुख, बिशप, शेजारचाच कोणीतरी दंतवैद्य किंवा इंजिनिअर असतो आणि पगार न घेता ते काम करतो. तुम्ही कोणत्या वॉर्डात जायचं हे तुमच्या घराच्या पत्त्यावरून ठरतं. त्यामुळे आमचा ट्रक दारात लागला तेव्हा अर्ध्या तासात सहा माणसं सामान उतरवायला हजर होती. संध्याकाळी दोन घरांतून ताजे पाव आले. बर्फ पडला की आमच्या दारासमोरचा बर्फ कोणीतरी आम्ही उठायच्या आत काढलेला असतो. कोण काढतं हे अजून कळलेलं नाही.

२०२० च्या जानेवारीत माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. हे परगावी गेलेले, नातेवाईक सात समुद्रांपलीकडे. शेजारच्या बाईंनी एक यादी फिरवली आणि आठ दिवस संध्याकाळी सहाला दारात गरम जेवण आलं. इथे दुःखाच्या घरी न्यायचा बटाटा-चीजचा एक पदार्थ असतो. त्यात एरवी कोंबडीचं सूप घालतात. आमच्यासाठी त्यांनी मशरूमचं सूप घालून तो केला होता आणि डब्यावर चिठ्ठी होती, 'यात मांस नाही'. ती चिठ्ठी मी ठेवली आहे.

इंदूरच्या माझ्या मावशीने हे ऐकून फोनवर लगेच विचारलं, "त्यांना तुम्हाला बाटवायचं असेल." प्रश्न कडवट असला तरी तो इथे येणाऱ्या प्रत्येकाच्या मनात असतो. सहा वर्षांनंतर माझं उत्तर असं आहे. होय, आपला धर्म तुम्ही घ्यावा असं त्यांना वाटतं. ज्यावर आपला जीव आहे ते दुसऱ्यालाही मिळावं असं वाटणाराच हा पंथ आहे. आणि होय, तुम्ही घेतला नाही तरी बर्फ काढला जातोच. आम्ही दुसऱ्याच आठवड्यात दारात आलेल्या पांढऱ्या शर्टातल्या दोन मुलांना बसवलं, सरबत दिलं आणि स्पष्ट सांगितलं की आमचा धर्म आम्हाला पुरतो, तुम्ही पाहुणे म्हणून केव्हाही या. नंतर आग्रह झाला नाही. 'बघू', 'पुढे विचार करू' असं आपण भिडेपोटी बोलतो, ते इथे टाळावं. ते त्याचा अर्थ 'येऊ' असा घेतात आणि मग दोघांनाही अवघड होतं.

मोठ्यांचं असं भागतं. मुलांचं एवढं सोपं नाही.

या पंथात मूल आठ वर्षांचं झालं की बाप्तिस्मा होतो. आमची मुलगी तिसरीत असताना वर्गातल्या एकेका मैत्रिणीचा पांढरा झगा, आजी-आजोबा, फोटो, जेवण असं सुरू झालं. आम्ही बोलावणं आलं तिथे गेलो, भेट दिली. एका रात्री तिने विचारलं, "आई, आपला वॉर्ड कुठला?"

तिला धर्म बदलायचा नव्हता. मैत्रिणी रविवारी एकत्र कुठेतरी जातात, तिथे त्यांना सगळी नावाने ओळखतात, आजारी पडलं तर विचारतात, असं आपलं ठिकाण कोणतं, एवढंच तिला हवं होतं. गणपतीला सॉल्ट लेकजवळच्या साउथ जॉर्डनच्या देवळात जाणं, दिवाळीला फराळ करणं, यात तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. वर्षातून चार वेळा जिथे जातो ते ठिकाण आपलं वाटायला मुलांना पुरत नाही.

मुलगा मोठा झाल्यावर हेच वेगळ्या रूपात आलं. इथल्या हायस्कुलांना लागून चर्चची इमारत असते आणि शाळेच्याच वेळात एक तास मुलं तिथे धर्माच्या वर्गाला जातात. उरलेली थोडी मुलं मागे राहतात. तो तास त्याने बुद्धिबळात घालवला, दोन चांगले मित्र मिळाले, त्यातला एक कोरियन. पण रोज एक तास आपण 'मागे राहिलेले' असतो, हे त्याला कळायचं.

मग आम्ही या खोऱ्यात शोधून सात मराठी घरं जमवली. एक बेळगावचं, एक बडोद्याचं, दोन पुण्याची, एक नागपूरचं, एक हैदराबादचं आणि आम्ही. दर दुसऱ्या रविवारी, जेव्हा सगळं गाव आपापल्या वॉर्डात असतं, तेव्हा आम्ही कोणाच्या तरी घरी जमतो. तासभर मुलांना मराठी वाचायला शिकवायचं, एक आरती, मग जेवण. बेळगावच्या वहिनींचं मराठी, आमचं हिंदी मिसळलेलं इंदुरी मराठी आणि पुणेकरांचं मराठी ऐकून मुलं हसतात, पण तिन्ही त्यांना येतात. मोठे आळसावले तरी मुलं आठवण करून देतात. आता मुलगी शाळेत सांगते, "आमचा वॉर्ड दुसऱ्या रविवारी असतो."

देवाण एकतर्फी राहिली नाही, हेही सांगायला हवं. महिन्याच्या पहिल्या रविवारी हे लोक दोन वेळचं जेवण सोडतात आणि वाचलेले पैसे गरजूंना देतात. त्यामुळे एकादशी त्यांना चटकन कळली. साबुदाण्याची भरपेट खिचडी खाऊन उपवास कसा होतो, हे मात्र अजून पटलेलं नाही! दक्षिणेला स्पॅनिश फोर्क गावात इस्कॉनचं राधाकृष्णाचं देऊळ आहे. पांढरं, घुमटांचं, आवारात मोर आणि चक्क लामा. तिथल्या होळीला हजारोंनी माणसं येतात आणि त्यांत बहुसंख्य याच विद्यापीठाची मुलंमुली असतात. भांग नाही, दारू नाही, नुसता रंग आणि नाचणं. आमच्या रंगपंचमीच्या गेरीचे फोटो मी शेजाऱ्यांना दाखवले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडेही स्पॅनिश फोर्कसारखं करतात!"

एका गोष्टीची मात्र मनाची तयारी ठेवावी. गावाच्या मध्यावर जुन्या सभागृहाच्या जागी एक सुंदर मंदिर आहे. २०१० मध्ये ते सभागृह जळलं, फक्त भिंती उरल्या. त्या उचलून धरून खाली नवं तळघर खणलं आणि २०१६ मध्ये ते मंदिर म्हणून पुन्हा उभं राहिलं. सासरे बाग बघून म्हणाले, "चला, दर्शन घेऊन येऊ." पण तिथे फक्त पंथातल्या, परवाना असलेल्या माणसांनाच प्रवेश असतो. रविवारच्या प्रार्थनेच्या इमारती सर्वांना खुल्या, मंदिर नाही. सासरे बाहेरच्या बाकावर बसले, हात जोडले आणि म्हणाले, "इथूनही पोहोचतं." इथे राहायचं तर ही वृत्ती फार कामाला येते.

तेव्हा मुलांना इकडे नोकरी मिळत असेल तर खुशाल पाठवा. गाव सुरक्षित आहे, शेजार चांगला आहे, पाल्हाळ न लावता नाही म्हणता आलं पाहिजे, आणि मुलं लहान असतील तर आपलं एक नियमित ठिकाण पहिल्या वर्षातच उभं करायला हवं.

आणि जाता जाता आपल्या मंडळालाही एक विनंती. आपले पूर्वज होळकरांबरोबर माळव्यात आले तेव्हा त्यांनीही परक्या गावात आपलं ठिकाण उभं केलं, म्हणून आज आपण मराठीत हा अंक काढतो. पण आपल्या कॉलनीत गेल्या वर्षी लातूरहून किंवा जळगावहून नवं कुटुंब आलं असेल, तर त्यांचं सामान उतरवायला आपल्यातलं कोण गेलं होतं? प्रत्येक वस्तीत मंडळाच्या एका सभासदाने एवढं एकच काम अंगावर घ्यावं: कोण नवं आलं, कोणाकडे आजारपण आहे, याची नोंद ठेवायची आणि पहिल्या संध्याकाळी डबा न्यायचा. पोहेसुद्धा चालतील. वर जीरावन घालायला विसरू नका.